ख्रिस्तराजाच्या सणाची प्रार्थना-पुस्तिका: दुसरी संध्याकाळ भारी, तिसरी ढिली

सणाची कुठलीही पुस्तिका हातात आली की मी आधी श्रद्धावंतांच्या प्रार्थनांचं पान उघडते. तिथे लगेच कळतं की देवाने नेमकं कुणाला सुधारावं असं लिहिणाऱ्याला वाटतंय. बहुतेक वेळा ते दुसरेच कुणी असतात. नेत्यांना सद्बुद्धी दे, प्रसारमाध्यमांना सत्याची चाड दे, तरुणांना सन्मार्ग दाखव. आपण "प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणायचं आणि जसे आलो तसे घरी जायचं.

ख्रिस्तराजाच्या सणाआधीच्या तीन संध्याकाळींसाठी काढलेल्या या पुस्तिकेत असं होत नाही. इथे प्रत्येक मागणीचा कर्ता "आम्ही" आहे. खात्री न करता पुढे पाठवलेल्या संदेशांबद्दल आम्हाला क्षमा कर. दुसऱ्याच्या कामाची शाबासकी आम्ही गुपचूप घेतली, क्षमा कर. फोन वाजला तेव्हा आम्ही मुलाला म्हणालो, "घरी नाहीत म्हणून सांग." या शेवटच्या वाक्यावर आमच्या गटात जरा चुळबुळ झाली आणि त्यानंतरचा प्रतिसाद चांगलाच पडेल आवाजात आला. मागणी कुठे लागायला हवी ते लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक आहे.

रोजचा क्रम साधा आहे: स्तोत्र, वाचन, शांतता, छोटं चिंतन, मागण्या, "हे आमच्या स्वर्गातील बापा". पाऊण तासात आटपतं. चिंतनं दीड पानाच्या वर जात नाहीत, त्याबद्दल लिहिणाऱ्याचे जाहीर आभार.

सुरुवातीला सणाचा इतिहास दिलाय. तो चक्क वाचण्यासारखा आहे, कारण त्यात नुसतं गोड गोड लिहिलेलं नाही. पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५ च्या परिपत्रकाने हा सण सुरू केला. पहिल्या महायुद्धात रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रियाची सिंहासनं कोसळली होती, इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता आणि पोप व इटलीचं सरकार यांच्यातला वाद मिटायला १९२९ उजाडायचं होतं. म्हणजे सणाच्या जन्मात राजकारणही होतं आणि पुस्तिका ते लपवत नाही. आधी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी यायचा. १९६९ च्या सुधारणेत तो उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) तोंडाशी नेला आणि "विश्वाचा राजा" असं नाव जोडलं. हा बदल मला फार योग्य वाटतो. राजा म्हणजे अमुक देशाचा कायदा कुणाच्या हातात, ही चर्चा मागे पडते आणि शेवटी हिशेब कुणापुढे द्यायचा हा प्रश्न पुढे येतो. आज अनेक अँग्लिकन आणि ल्यूथरन मंडळ्याही हा सण पाळतात. आमच्या गटातही सगळे कॅथलिक नाहीत, म्हणून एक बारीक गोष्ट आवडली: दहा आज्ञांमधल्या "खोटी साक्ष देऊ नको" या आज्ञेला पुस्तिकेत क्रमांकच दिलेला नाही. कॅथलिक मोजणीत ती आठवी आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या मोजणीत नववी. त्यावरून प्रार्थनेनंतर अर्धा तास वाद झालेला मी पाहिलाय.

पहिल्या संध्याकाळी बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकाचा आठवा अध्याय आहे. लोक म्हणतात, इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा हवा. संदेष्टा शमुवेल त्यांना सांगतो की हा राजा काय काय घेईल: मुलं रथांसाठी, मुली स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला, उत्तम शेतं, द्राक्षमळे, धान्याचा आणि मेंढरांचा दहावा भाग. वाचन दोन आवाजांत वाटलंय. शमुवेलाचं एकेक वाक्य संपलं की सगळ्यांनी मिळून "तरी आम्हाला राजा हवा" म्हणायचं. तिसऱ्या वेळेला स्वतःचाच आवाज खटकायला लागतो. देवाच्या राजेपणाबद्दल बोलायची सुरुवात माणसाच्या राजेपणाच्या बिलापासून करायची, ही योजना हुशारीची आहे.

पण पुस्तिका घ्यावी ती दुसऱ्या संध्याकाळसाठी. योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय. सणाच्या रविवारच्या मिस्सात (उपासनेत), ज्या वर्षी हे वाचन येतं त्या वर्षी, आपण ३३ ते ३७ एवढ्याच ओव्या ऐकतो: रोमन सुभेदार पिलात विचारतो, तू राजा आहेस काय, आणि येशू म्हणतो, माझं राज्य या जगाचं नाही, मी सत्याची साक्ष द्यायला आलोय. पुस्तिकेने मागचं अंगणही आत घेतलंय. आत येशूची चौकशी आणि बाहेर निखाऱ्यांपाशी शेकत उभा त्याचा शिष्य पेत्र, अशी आळीपाळीने मांडणी केली आहे. दोन वाचक खोलीच्या दोन टोकांना उभे करायची सूचना आहे, ती जरूर पाळा. एका कोपऱ्यातून "मी तो आहे", दुसऱ्यातून "मी नव्हे."

इथलं चिंतन मला या सबंध पुस्तिकेत सर्वांत सकस वाटलं. पेत्राला पहिला प्रश्न सुभेदाराने विचारला नव्हता. विचारणारी होती दारावरची एक मुलगी. तिच्या हातात तलवार नव्हती, तिने फक्त विचारलं, तूही त्याच्या शिष्यांपैकी ना? आणि तिथेच तो घसरला. आपण मनाशी सत्यासाठी मरायची तयारी करतो ती पिलातासमोर, आणि खोटं बोलतो ते दारावरच्या मुलीसमोर. पुढे चिंतन अशा ठिकाणांची यादी करतं: रजेच्या अर्जावरचं कारण, सभेच्या इतिवृत्तातून गाळलेलं वाक्य, "वाचलं मी" असं न वाचता दिलेलं उत्तर. कुठेही आवाज चढवलेला नाही, त्यामुळे ते जास्त टोचतं.

वाचन ३८ व्या ओवीतल्या पिलाताच्या प्रश्नावर थांबतं: सत्य काय आहे? विचारून तो उत्तराला न थांबता बाहेर निघून जातो. पुस्तिका म्हणते, आता पाच मिनिटं कुणी काही बोलू नये. प्रार्थना चालवणाऱ्याने घड्याळ जवळ ठेवावं, कारण अंदाजाने पाच मिनिटं धरली तर दीडच मिनिटात कुणीतरी खाकरतं आणि गाणं सुरू होतं. तळाशी एक टीपही आहे: या कथेतल्या जमावाचा दोष सबंध यहूदी लोकांवर टाकू नये, व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हे स्पष्ट केलंय. ही टीप मोठ्याने वाचा असं तिथे लिहायला हवं होतं.

तिसरी संध्याकाळ मात्र हातातून सुटलीय. दानीएलाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय श्वापदांसकट पूर्ण दिलाय, इथपर्यंत ठीक. मनुष्याच्या पुत्राला मिळणारं राज्य त्या चार हिंस्र राज्यांच्या पार्श्वभूमीवरच कळतं. पण नंतर जी बिरुदावली सुरू होते ती संपतच नाही: महाप्रतापी, वैभवशाली, सिंहासनाधिष्ठित, सुवर्णमुकुटधारी. आदल्याच दिवशी आपण योहान वाचत होतो. तिथे पुढच्याच अध्यायात मुकुट काट्यांचा आहे. हे लिहिणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही? मत्तयाचा पंचविसावा अध्याय, जिथे राजा म्हणतो की मी भुकेला होतो, तुरुंगात होतो, तो फक्त एका ओळीत उरकलाय. राजा आणि खरेपणा हे दोन्ही धागे तिथेच बांधले गेले असते.

याच संध्याकाळी फ्रान्झ येगरश्टेटर यांच्यावर अर्धं पान आहे आणि ते चुकीच्या जागी पडलंय. हा ऑस्ट्रियातला शेतकरी. त्याने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याला मृत्युदंड दिला गेला. खुद्द त्याच्या बिशपांनी त्याला घरच्यांचा विचार कर म्हणून समजावलं होतं. २००७ मध्ये त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा त्याची पत्नी फ्रान्झिस्का, वयाच्या ९४ व्या वर्षी, सोहळ्याला हजर होती. हे पान दुसऱ्या दिवशी पेत्राच्या शेजारी हवं होतं. आम्ही तसंच वाचलं.

छपाईबद्दल थोडं. प्रतिसाद ठळक आहेत, पुस्तिका हातात सपाट उघडी राहते. सूचना मात्र तांबड्या तिरक्या बारीक अक्षरात, मेणबत्तीच्या उजेडात त्या दिसत नाहीत आणि मग "आता उभं राहायचं का?" अशी कुजबुज होते. गीतांचे शब्द आहेत, चालींचा उल्लेख कुठेच नाही.

दहा-पंधरा जणांच्या गटासाठी ही योग्य आहे. भरलेल्या चर्चमध्ये त्या मागण्यांची धार जाईल. एवढ्या गर्दीत "आम्ही" म्हणजे कुणीच नसतं. मी पाचपैकी साडेतीन देईन, त्यातले तीन दुसऱ्या संध्याकाळचे. तिसऱ्या संध्याकाळची बिरुदावली वगळा आणि तिथे सरळ मत्तय वाचा. सूचनांचं पान मोठ्या अक्षरात वेगळं लिहून प्रार्थना चालवणाऱ्याच्या हातात द्या.