अनुच्छेद ३२ की २२६: ठाणे-नवी मुंबईकराने दाद कुठे मागावी?

महापालिका, सिडको किंवा स्वतःच्या सोसायटीशी वाजलं की अनेकांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, ‘थेट सुप्रीम कोर्टात जाऊ.’ त्याआधी एक गोष्ट पाहावी: आपला हक्क नेमका कुठून आला? सगळ्यात वर राज्यघटना, तिच्याखाली संसद-विधिमंडळाचे कायदे, त्यांच्याखाली सरकारी नियम आणि तळाला सोसायटीचे उपविधी. ही पायरी सापडली की कोर्टही सापडतं.

अनुच्छेद ३२ची याचिका दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात. ती फक्त राज्यघटनेच्या भाग तीनमधल्या मूलभूत हक्कांसाठी चालते. ३२ हा स्वतःच मूलभूत हक्क आहे हे खरं, तरी ‘आधी उच्च न्यायालयात जा’ असं सांगून तिथून अनेकदा परत पाठवलं जातं. अनुच्छेद २२६ची याचिका उच्च न्यायालयात. तिचा आवाका मोठा: मूलभूत हक्क आणि इतर कायदेशीर हक्कही. ठाणे आणि रायगड दोन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या मुंबई पीठाकडे, त्यामुळे घणसोली काय नि खारघर काय, जायचं फोर्टलाच. आमच्या मते बहुतेकांसाठी २२६च योग्य.

जमिनीत हा फरक सर्वात महागात पडतो. ४४व्या घटनादुरुस्तीनंतर, १९७९पासून, मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. तो अनुच्छेद ३००-अ मध्ये गेला. म्हणून कायद्याच्या आधाराविना जमीन घेतली, एवढ्याच मुद्द्यावर ३२ची याचिका टिकत नाही, २२६ची टिकते. तक्रार फक्त मोबदल्याच्या रकमेची असेल तर दोन्ही सोडा. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रकरण त्याच कायद्याखालच्या, मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवायला लावायचं. जिल्हाधिकाऱ्यांनी मोबदला ठरवला त्या निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे. वाटाघाटीत ती निघून जाते आणि मग हळहळ उरते.

सोसायटीचं पार्किंग, देखभाल खर्च, हिशेब? गृहनिर्माण सोसायटी सहसा अनुच्छेद १२मधल्या ‘राज्य’ या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध या याचिका सहसा चालत नाहीत. ९७व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करणं मूलभूत हक्कांत आणलं, पार्किंगची जागा नव्हे. यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०चं कलम ९१ आणि सहकार न्यायालय.

महापालिकेची नोटीस आली तर आधी तिच्यातलं कलम वाचा. अनधिकृत बांधकामासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६० असतं, आणि त्यात कारणं दाखवायची संधी द्यावी लागते. ती न देताच पाडकामाचा आदेश काढला असेल तर २२६ची बाजू भक्कम होते. पर्यायी उपाय (दाद मागायचा दुसरा कायदेशीर मार्ग) उपलब्ध आहे म्हणून याचिका फेटाळण्याचा जो नेहमीचा धोका, तो इथे बराच कमी.

२२६ची याचिका मुख्यतः तीन कारणांनी पडते: न वापरलेला पर्यायी उपाय, विलंब, आणि साक्षीपुरावा घेतल्याशिवाय न सुटणारा तथ्यांचा वाद. महापालिकेला एखादं कर्तव्य करायला लावायचं असेल तर आधी लेखी मागणी करा, आवक शिक्क्याची पोच घ्या, वाजवी वेळ द्या. मागणीच केली नसेल तर न्यायालय पहिला प्रश्न तोच विचारतं.

आणखी एक. उच्च न्यायालयाने गुणवत्तेवर, म्हणजे मूळ मुद्दे तपासून, फेटाळलेलं प्रकरण ३२ खाली नव्याने लावता येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयातच, पण अनुच्छेद १३६ची विशेष अनुमती याचिका (अपिलाची परवानगी मागणारी), आणि तिची मुदत निकालापासून ९० दिवस.