देव चांगला असेल तर दुःख का? – सदाशिव पेठेतला शनिवारचा वर्ग (४ स्टार)

ज्यांची देवावर श्रद्धा आहे पण सकाळी पेपर उघडला की पोटात खड्डा पडतो, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. पहिल्या मजल्यावर छोटा हॉल आहे, शिकवणारे सर तत्त्वज्ञानाचे रिटायर्ड प्राध्यापक. फी अगदी परवडणारी आणि मध्ये चहा मिळतो. गाडी लावायला जागा मिळणं अवघड, त्यामुळे बसने गेलेलं बरं.

सर प्रवचन करत नाहीत हे मला सगळ्यात आवडलं. फळ्यावर तीन वाक्यं लिहिली, देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे, जगात दुःख आहे, आणि म्हणाले यातलं कुठलं खोडायचं ते तुम्हीच सांगा. सगळे गप्प. हा पेच एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावाने सांगतात, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना, आणि १९५५ मध्ये मॅकी नावाच्या तत्त्वज्ञाने तर ही वाक्यं एकत्र खरी असूच शकत नाहीत असं ठामपणे मांडलं. त्यावर प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाचं उत्तर असं की माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर वाईट वागायची मुभा पण आलीच. खून, दंगल, फसवणूक इथपर्यंत मला हे पटतं, पण भूकंप काय कोणाच्या स्वातंत्र्याने होतो का?

भूकंपावरचा वर्ग सगळ्यात भारी झाला. सरांनी पोर्तुगालमधलं लिस्बन आणि लातूर जिल्ह्यातलं किल्लारी शेजारी शेजारी ठेवले. लिस्बनला १ नोव्हेंबर १७५५ ला, सगळ्या संतांच्या सणाच्या दिवशी, चर्च माणसांनी भरलेली असताना जमीन हलली, मग समुद्र आत आला, मग आगी लागल्या. हे जग म्हणजे शक्य असलेल्या जगांतलं सर्वात चांगलं जग असं जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ १७१० मध्ये लिहून गेला होता, ते म्हणणं त्यानंतर युरोपात अनेकांच्या घशाखाली उतरेना. आणि आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, बाप्पाला निरोप देऊन लोक दमून झोपलेले. हजारो माणसं गेली. सरांनी फळ्यावर तिथल्या घराची भिंत काढून दाखवली, जाड, दगड आणि मातीची, दगडांना एकमेकांत धरून ठेवणारं काही नाही आणि वर माळवदाचा मातीचा जड थर. हादरा बसला की दगड सुटणार आणि सगळं वजन झोपलेल्यांच्या अंगावर येणार. तेवढ्याच धक्क्यात नीट बांधलेलं घर उभं राहू शकतं, म्हणजे निम्मा प्रश्न देवाला आणि निम्मा आपल्याला. पण निम्माच हां, पाळण्यातल्या बाळाने घर कुठे बांधलं होतं, आणि सरांनी पण ते तिथेच सोडलं, उगाच गुळगुळीत केलं नाही.

कर्माचा विषय निघणारच होता. ब्रह्मसूत्रात, म्हणजे वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, हीच शंका घेतली आहे, की देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो, आणि शंकराचार्य म्हणतात पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो, पण उगवतं ते ज्याच्या त्याच्या बियाण्याप्रमाणे, म्हणजे कर्माप्रमाणे. मग पहिलं बी कुठून आलं? तर संसार अनादि आहे. मला हे उत्तर बुद्धीला बांधीव वाटतं पण मनाला लागतं. माझ्या बहिणीच्या मुलाला ब्लड कॅन्सर झाला तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी त्याच्या उशाशी बसून, सलाईन लावलेला हात कुरवाळत, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार गं असं म्हटलं होतं. बहीण तेव्हा काही बोलली नाही, त्या गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडली. मी हे वर्गात सांगितलं तर सर म्हणाले, ताई, ते सूत्र शंका घेणाऱ्याला उत्तर म्हणून आहे, रडणाऱ्याला सांगायला नाही. एवढ्या एका वाक्यासाठी मी फी दुप्पट भरली असती.

एक स्टार कापला त्याचं कारण तुकोबा. देहू पुण्यापासून हाकेच्या अंतरावर, त्या माणसाची बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, त्याने ते अभंगात स्वतः लिहिलंय, आणि तरी विठ्ठलाला सोडलं नाही, पण गप्पही बसला नाही, भांडला, जाब विचारला, काय काय बोलला. मला वाटतं दुःखात देवाशी भांडता येणं हीसुद्धा श्रद्धाच आहे, आणि पुण्यातल्या वर्गात यावर अख्खा शनिवार हवा होता, इथे शेवटी घाईघाईत उरकलं. जैन आणि बौद्ध विचारात जग चालवणारा ईश्वरच मानत नाहीत, मग हा पेच त्यांच्याकडे या रूपात येतच नाही, त्यावर पण जेमतेम दोन वाक्यं.

आवाज मागच्या रांगेत नीट पोचत नाही, पुढे बसा. आणि ज्यांच्या घरी नुकतंच काही झालंय त्यांनी कर्माचा वर्ग तेवढा चुकवला तरी चालेल, सरांना आधी सांगितलं तर ते स्वतः बाजूला बसून बोलतात, आमच्या बॅचमधल्या एका काकांशी ते चहाच्या वेळात असंच बोलत बसले होते आणि उरलेला वर्ग उशिरा सुरू झाला तरी कोणी कुरकुर केली नाही.