पावसावाऱ्यातली वुडपिजनची शिकार: लिंकनशायरमधल्या एका वाटाड्याबद्दल

मंगळवेढ्याकडं आमची ज्वारीची जमीन. सुगीच्या आधी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचं काम लहानपणी माझ्याकडं असायचं. पिकावर पाखरांचा थवा उतरला की शेतकऱ्याच्या पोटात कसा गोळा येतो, ते मला कुणी सांगायला नको. गेली 11 वर्षं लेस्टरला आहे. इथं रीतसर शॉटगन सर्टिफिकेट काढलं, दोन वर्षं हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर हात बसवला आणि या फेब्रुवारीत पहिल्यांदाच वाटाड्या घेऊन वुडपिजन, म्हणजे पिकावर उतरणारी जंगली कबुतरं, मारायला गेलो.

जागा लूथ गावाजवळ, लिंकनशायर वोल्ड्स या टेकड्यांच्या भागात. दिवसाचे 160 पौंड. त्यात शेतमालकाची परवानगी, आडोशाची जाळी, डिकॉय (कबुतरांना भुलवायला मांडायची खोटी पाखरं) आणि वाटाड्याची सोबत. बंदूक आणि काडतुसं आपली. काडतुसांत फायबरची वॅड, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच, लागते, प्लास्टिकची शेतात पडलेली मालकाला चालत नाही. हे वाटाड्यानं बुकिंगच्या वेळीच सांगितलं, ते बरं झालं.

आदल्या रात्री अंदाज पाहिला तर वारा ताशी 30 मैल, मध्येमध्ये पाऊस. दिवस वाया जाणार म्हणून मीच फोन केला. तो म्हणाला, "धुकं किंवा विजा असत्या तर मीच तारीख बदलली असती, जादा पैसे न घेता. उद्या नक्की या." कारण दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. हवा पडलेली असली की ही कबुतरं उंचावरून येतात, वर घिरट्या घालून सगळं न्याहाळतात आणि पहिल्या बारानंतर लांब निघून जातात. वारा असला की कुंपणाच्या झाडांना धरून खालून उडतात, वाऱ्याकडं तोंड करून उतरतात, त्यामुळं उतरताना त्यांचा वेग मोडतो. बाराचा आवाजही वारा बराचसा गिळतो. नुसता संततधार पाऊस आणि वारा नाही, असा दिवस मात्र टाळा. तेव्हा पाखरं झाडावर फुगून बसून राहतात.

पोचल्यावर त्यानं सामान उतरवलंच नाही. चाळीस मिनिटं आम्ही गाडीत बसून दुर्बिणीतून पाहत होतो. झाडांच्या एका राईतून कबुतरं निघत आणि कुंपणाच्या कडेनं रेपच्या शेतात एका ठरावीक पट्ट्यावर उतरत. रेप म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक. त्या पट्ट्यात नुसते देठ उरले होते. पैसे वसूल झाले ते मला विचाराल तर या चाळीस मिनिटांत.

मग आडोसा असा बांधला की वारा आमच्या पाठीवर. समोर वीसेक डिकॉय घोड्याच्या नालासारखे, सगळ्यांची तोंडं साधारण वाऱ्याकडं, मध्ये उतरायला मोकळी जागा, आमच्यापासून 25 यार्डांच्या आत. डिकॉय फ्लॉक केलेले, म्हणजे वर मखमलीसारखी लव असलेले. साधं प्लास्टिक ओलं झालं की चमकतं आणि कबुतर वरूनच वळतं. ही लवसुद्धा चिंब होते, म्हणून दर सर आली की तो जाऊन एकेक डिकॉय झटकून यायचा. मोटरवर गरगर फिरणारं यंत्र त्यानं आणलं होतं, पण सोसाट्याला त्यावर लावलेली डिकॉय पाखरं वेडीवाकडी हेलकावायला लागली तसं बंद करून टाकलं.

एक प्रसंग सांगतो. पावसात करड्या उजेडात एक पाखरू आलं, मी बंदूक खांद्याला लावली. तो हळूच म्हणाला, "नको, स्टॉक डव्ह." म्हणजे दुसऱ्या जातीचं रानकबुतर. वुडपिजनच्या मानेवर पांढरा डाग आणि पंखावर पांढरा पट्टा असतो, याला दोन्ही नव्हते. इंग्लंडमध्ये पीक राखण्यासाठी जीएल 42 हा जो सर्वसाधारण परवाना आहे, त्यात वुडपिजन आहे, स्टॉक डव्ह नाही. परवान्याच्या अटींचा छापील कागद त्यानं सकाळीच माझ्यापुढं ठेवला होता. मी बंदूक खाली घेतली.

त्याच परवान्यात कॅरियन क्रो, म्हणजे तिकडचा काळा कावळा, आहे. शेताला लागून मेंढ्या होत्या, थोड्याच दिवसांत वीण सुरू होणार होती. नुकत्या जन्मलेल्या, अशक्त कोकराचे डोळे हे कावळे फोडतात. त्यामुळं मालकाला कावळेही कमी करून हवे होते. मी फोनवरच सांगितलं होतं, कावळा मारणार नाही. वडिलांच्या दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर दीड तास उभे होतो, पिंडाला कावळा शिवेना. शेवटी धाकट्या बहिणीच्या लग्नाचा शब्द दिला, तेव्हा एक येऊन शिवला. हे सगळं इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. त्यानं खोलात विचारलं नाही. "ते माझं काम," इतकंच म्हणाला आणि चारनंतर मेंढ्यांच्या बाजूला एकटा गेला. मालकाची गरज खरी आहे आणि माझीही. दोन्ही सांभाळणारा माणूस मिळाला, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

उणिवाही सांगतो. माझ्या बाजूची जाळी फाटकी होती, दोनदा कबुतरांनी मला पाहिलं. जाहिरातीत गरम जेवण होतं, मिळाली गार पेस्टी, म्हणजे सारण भरलेली भाजलेली करंजी. आणि गाडी शेतात जात नाही, चिकट मातीतून एक किलोमीटर चालावं लागतं, हे आधी सांगायला हवं होतं. गुडघा दुखत असेल तर विचारून घ्या. करकर वाजणारा रेनकोट नेऊ नका. कोरडे हातमोजे दोन जोड लागतात.

52 काडतुसांत 19 वुडपिजन. सहा घरी आणली. एकीची अन्नपिशवी उघडली तर मूठभर रेपचा पाला, अजून हिरवागार. छातीचं मांस गडद लाल असतं. पहिल्यांदा कोंबडीसारखं शिजवलं, चामड्यासारखं झालं. दुसऱ्यांदा कांदा-लसूण मसाला चोळून तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम दोन-दोन मिनिटं ठेवलं, भाकरीबरोबर उत्तम लागलं. सावकाश चावा, आमच्या ताटात दोन छर्रे निघाले.