आरटीआरची तयारी: क्लास लावायचा, की घरीच जोडीदार शोधायचा?

पीपीएलच्या, म्हणजे खासगी वैमानिक परवान्याच्या, विद्यार्थ्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. मेटिऑरॉलॉजी, नॅव्हिगेशन, रेग्युलेशन्स यांच्यामागे महिनोन्‌महिने जातात आणि ‘रेडिओवर बोलायचंच तर आहे’ म्हणून आरटीआर (ए), म्हणजे विमानातल्या रेडिओ संभाषणाची परीक्षा, शेवटावर ढकललं जातं. मग त्याच्यावाचून एफआरटीओएल, म्हणजे उडताना रेडिओ वापरण्याचा परवाना, मिळत नाही, सगळं अडतं आणि घाईघाईत क्लासची चौकशी सुरू होते. क्लास वाईट नसतो, पण बारामती किंवा गोंदियाला फ्लाइंग स्कूलच्या होस्टेलवर राहणाऱ्याची गरज वेगळी आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी उडणाऱ्याची वेगळी.

क्लासमध्ये पैसे कशाचे जातात? समोर बसलेल्या अनोळखी माणसाचे. तो कंट्रोलर, म्हणजे टॉवरमधून विमानांना सूचना देणारा, होतो, तुमचं वाक्य मध्येच तोडतो, ऐन वेळी रनवे बदलतो, इंजिन बंद पाडतो आणि चूक तिथल्या तिथे दाखवतो. मित्र एवढा निर्दय होत नाही. पण बॅच मोठी असली की माइक हातात येतो जेमतेम काही मिनिटं, बाकी वेळ दुसऱ्यांचं ऐकण्यात जातो. शिवाय काही ठिकाणी एखाददुसऱ्या मार्गाचं अख्खं संभाषण पाठ करून घेतात. नेहमीच्या रनवेऐवजी दुसरा दिला की पाठांतर कोलमडतं.

घरची तयारी जवळजवळ फुकट पडते. दोघं दोन खोल्यांत, मध्ये फोन, समोर चार्ट. समजा तुम्ही नागपूरला आहात आणि टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवरून रनवेकडे नेण्याची, परवानगी मिळाली. उत्तर हवं ते एवढंच: ‘होल्डिंग पॉइंट रनवे ट्री टू, क्यूएनएच वन झीरो झीरो नायनर, व्हिक्टर टँगो एक्सरे यांकी झुलू.’ तीनला ‘ट्री’, नवाला ‘नायनर’. क्यूएनएच म्हणजे उंचीमापकात लावायचा हवेचा दाब आणि शेवटची पाच अक्षरं म्हणजे कॉलसाइन, विमानाची रेडिओवरची ओळख. कॉलसाइन कापून ‘व्हिक्टर यांकी झुलू’ म्हणायचं, तर आधी कंट्रोलरने तसं म्हणायला हवं. रनवे, क्यूएनएच, स्क्वॉक (रडारवर ओळख पटवणारा चार आकडी कोड), लेव्हल, हेडिंग यांचा रीडबॅक, म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवणं, नुसतं ‘रॉजर’ (‘ऐकलं’) म्हणून उडवून लावता येत नाही. हे तोंडात बसायला रोज अर्धा तास आणि बोलायला कुणीतरी लागतं, गुरू लागत नाही.

धोका एकच, दोघेही नवखे असले तर एकमेकांच्या चुका पक्क्या करतात. ‘हो’ म्हणायला ‘रॉजर’ वापरतात, ‘अफर्म’ऐवजी ‘अफर्मेटिव्ह’ म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे ‘टेक-ऑफ’ हा शब्द टेक-ऑफची परवानगी मिळण्याआधीच सैल सोडतात, तिथे ‘डिपार्चर’ म्हणायचं असतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफला दोन जम्बो रनवेवर धडकून ५८३ माणसं गेली, त्यात रेडिओवरच्या संदिग्ध बोलण्याचाही हात होता. म्हणून घरी सराव करायचा तर आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं रेडिओ संभाषणाचं मॅन्युअल, डॉक ९४३२, टेबलावर पंच म्हणून हवंच.

तिसरी वाट व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कची. घरच्या सिम्युलेटरवर उडायचं, पलीकडे खरा माणूस कंट्रोलर म्हणून बसलेला असतो, पैसे लागत नाहीत. भारतीय विमानतळांवरही कंट्रोलर असतात, फक्त आपल्या सोयीच्या वेळी असतीलच असं नाही. माइकची भीती घालवायला मला हे क्लासपेक्षा सरस वाटतं. ‘मेडे’चा, म्हणजे संकटाच्या हाकेचा, क्रम मात्र इथे घोटून होत नाही. तीनदा ‘मेडे’, कुणाला हाक, आपण कोण, काय झालंय, काय करणार, कुठे आहोत, हे जोडीदाराबरोबरच घोटा. ७७०० (आणीबाणी), ७६०० (रेडिओ बंद), ७५०० (अपहरण) हे स्क्वॉक आणि १२१.५ ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी तर झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

अमेरिकन एटीसीची, म्हणजे तिथल्या कंट्रोलरांची, रेकॉर्डिंग ऐकून तयारी करणारे बरेच दिसतात. कान तयार होतो, जीभ बिघडते. तिथे ‘डेसिमल’ऐवजी ‘पॉइंट’, क्यूएनएचऐवजी इंचातला ‘अल्टिमीटर’.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते आणि ती क्लासकडे ओढते. खरं तर ट्रान्समिशनमध्ये फर्डं इंग्रजी बोलणारेच जास्त घसरतात, कारण त्यांना ‘प्लीज’ आणि ‘वी वुड लाइक टू’ आवरत नाही. नेमकी वाक्यं घोटलेला मुलगा इथे सहज पुढे जातो.

थिअरीसाठी मी क्लासला पैसे देणार नाही. व्हीएचएफ (जवळच्या संभाषणाच्या रेडिओलहरी) सरळ रेषेतच का जातं, त्यावर एएम (अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन) का, रात्री एचएफची (लांब पल्ल्याच्या लहरींची) फ्रीक्वेन्सी का उतरवतात, संदेशांचा अग्रक्रम कोणता, हे पुस्तकातून होतं. व्हीएचएफच्या रेंजसाठी उंचीच्या फुटांचं वर्गमूळ गुणिले १.२३, म्हणजे १०,००० फुटांवर साधारण १२३ नॉटिकल मैल. एवढं गणित कुणालाही जमेल.

नोकरी करणाऱ्याला जोडीदार मिळत नसेल तर क्लास लावाच. होस्टेलवाल्यांनी आधी आपसात रीडबॅक पक्का करावा आणि शेवटी फक्त मॉक सेशनपुरता क्लास घ्यावा. फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. माणशी माइक किती मिनिटं मिळतो? आणि प्रश्नसंच कधीचा आहे? ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस विभागाकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि आरटीआर डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, आलं. तरी जुन्या काळच्या झेरॉक्स अजून ‘हमखास प्रश्न’ म्हणून फिरताहेत.