चावीच नव्हती! लेक डिस्ट्रिक्टच्या कॉटेज बुकिंगमधे आम्ही कसे फसलो

खरं तर हे लिहायला लाज वाटतेय. नवरा बँकिंग सॉफ्टवेअरमधे, मी रोज ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासते आणि तरी आम्ही दोघं मिळून 1180 पौंडांना फसलो. पण मागच्या महिन्यात ओळखीच्या अजून एका मराठी कुटुंबाचं अगदी असंच झालं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

आम्ही रेडिंगला राहतो. 2025 च्या मे मधे आई-बाबा सावंतवाडीहून आले होते. लेकीला शाळेची हाफ टर्मची सुट्टी, 26 मे ला बँक हॉलिडे, म्हणजे ज्या आठवड्यात अख्खं इंग्लंड घराबाहेर पडतं तोच आठवडा. लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगर-तळ्यांच्या भागात, केझिकजवळ चार रात्री, तीन बेडरूम, लाकडावर तापवायचा हॉट टब, असं काहीतरी बघत होतो आणि सगळीकडे भाव पंधराशे-सतराशे. एका सोशल मीडिया ग्रुपवर एक कॉटेज दिसलं, बॉरोडेल खोऱ्यातल्या एका गावातलं. हिरवट करड्या स्लेटच्या दगडाचं जुनं घर, समोर ओढा. मी मेसेज टाकला. उत्तर देणारी बाई इतकी गोड बोलायची की काय सांगू. म्हणाली आम्ही मोठ्या साईटवर पण आहोत, पण ते कमिशन फार खातात, डायरेक्ट घेऊन बँक ट्रान्सफरने भरलंत तर 15 टक्के कमी. आता हे ऐकून कुठला मराठी माणूस नाही म्हणेल सांगा!

मी काहीच तपासलं नाही असं नाही हं. पत्ता गूगल मॅपवर टाकला, स्ट्रीट व्ह्यूमधे घर बघितलं, फोटोतलंच घर, तोच दरवाजा, तोच पोर्च. म्हटलं चला, घर खरं आहे. आणि घर खरंच होतं, तिथेच तर आम्ही गंडलो, कारण घर खरं असणं आणि ते भाड्याने देणारा खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आधी 400 भरले, एका बाईच्या नावावर, बँकेच्या ॲपमधे नाव जुळलं. तीन आठवडे आधी उरलेले 780 भरायचे होते, त्यात 200 तुटफुटीचं डिपॉझिट, परत मिळणारं. या वेळी अकाउंट नंबर वेगळा आला. ॲपने सरळ दाखवलं की तुम्ही टाकलेलं नाव आणि खात्याचं नाव जुळत नाही, हा फ्रॉड असू शकतो. नवऱ्याने मला हाक मारली. आणि मीच, मी स्वतः, म्हणाले की अरे ते साफसफाई बघणाऱ्या कंपनीचं खातं असेल, तिने मागे म्हटलं होतं ना हाऊसकीपिंगचं काहीतरी. त्या बाईने असं काही सांगितलंच नव्हतं, नंतर सगळे मेसेज तीन वेळा वाचले तेव्हा कळलं. तिच्या थापेतली गाळलेली जागा मी भरून दिली. नवऱ्याने टिक केलं, पैसे गेले.

शनिवारी पहाटे निघालो. रेडिंग ते केझिक साधारण 460 किलोमीटर, एम 6 वर हीऽऽ गर्दी. टीबेच्या सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्याला, थांबून आईने आणलेले धपाटे खाल्ले, लेकीने तिथल्या तळ्यातली बदकं मोजली. जंक्शन 40 ला उतरून केझिक ओलांडून बॉरोडेलमधे शिरलो तर धो धो पाऊस. या खोऱ्यातलं सीथवेट म्हणजे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पाऊस पडणारं वस्तीचं ठिकाण म्हणतात. बाबा आंबोलीचा पाऊस बघत मोठे झालेले, ते काचेतून बघून म्हणाले, "हां, हा जरा पाऊस म्हणण्यासारखा आहे."

बाईने सकाळी कोड पाठवला होता, चार आकडी. पोर्चमधे डाव्या बाजूला, लाकडाच्या रचलेल्या ढिगामागे चावी ठेवायची कोडची पेटी ("की सेफ") आहे म्हणून. लाकडं होती. मी ती हाताने बाजूला करून मोबाईलच्या टॉर्चने भिंत बघतेय, नवरा उजवी बाजू बघतोय, लेक पायपुसणं उचलून बघतेय. भिंतीवर साधं स्क्रूचं भोक पण नाही. मागे आई छत्री धरून उभी, म्हणते, "अगं, शेजाऱ्यांकडे ठेवली असेल चावी, विचार ना!" तेवढ्यात दार आतूनच उघडलं. सत्तरीच्या आजी, हातात चष्मा, मागे टीव्ही चालू.

आजींना आमच्याकडे बघून क्षणात कळलं. आम्ही पहिले नव्हतो, ईस्टरला एक कुटुंब असंच येऊन गेलं होतं. मी फोटो दाखवले तर म्हणाल्या, बाहेरचं माझं घर, आतलं स्वयंपाकघर पण माझंच, पण हा सोफा आधीच्या मालकांचा. त्यांनी घर विकत घेतलं तेव्हाच्या विक्रीच्या जाहिरातीतले फोटो होते ते! हॉट टब तर त्या घराला कधी नव्हताच, तो भलत्याच घराचा चिकटवलेला. नंतर मी गूगल लेन्सवर तो एक फोटो टाकला, दहा सेकंदात सापडलं. दहा सेकंद हो.

त्या बाईला फोन लावायचा तर खोऱ्यात नेटवर्क नाही. आणि गंमत बघा, तिने आधीच लिहिलं होतं की इथे सिग्नल नसतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि ते वाचून मला वाटलेलं किती काळजीने सांगतेय. परत केझिकपर्यंत येऊन फोन लावला तेव्हा नंबर बंद. बँक हॉलिडेच्या शनिवारी केझिकमधे काही मिळालं नाही, रात्री साडेनऊला कार्लाईलला एका हायवेच्या हॉटेलात दोन खोल्या मिळाल्या. बाबा एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

आता पैशाचं, कारण सगळे तेच विचारतात. त्याच रात्री 159 ला फोन केला, तिथून आपल्या बँकेला जोडून देतात. ॲक्शन फ्रॉडकडे, म्हणजे फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या तेव्हाच्या इथल्या केंद्राकडे, ऑनलाईन तक्रार केली. पुण्याचा दीर म्हणत होता 1930 लावा, पण ते भारतातलं, इथे उपयोग नाही. 7 ऑक्टोबर 2024 पासून इथे नियम आहे की यूकेतल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तुम्ही फसून स्वतःच पैसे पाठवले तरी बँकेने ते परत करायचे, 85,000 पर्यंत, फक्त 100 पर्यंत त्या कापू शकतात. पाच वर्किंग दिवस म्हणतात पण चौकशी करायची असेल तर घड्याळ थांबवता येतं. आमच्या बँकेने सहा आठवडे लावले आणि सगळा जोर त्या इशाऱ्यावर, की दिसूनही पुढे का गेलात. खूप निष्काळजीपणा केला असं ठरलं तर नाही पण म्हणू शकतात. शेवटी 1080 आले. पण हे फक्त यूकेतल्या यूकेत. तुमच्या सासऱ्यांनी भारतातून पाठवले असते तर या नियमात बसत नाही. आणि क्रेडिट कार्डने भरले असते तर 100 च्या वर आणि 30,000 पर्यंतच्या किमतीला इथल्या ग्राहक कर्ज कायद्याच्या सेक्शन 75 खाली थेट कार्डवाल्यांकडे मागता आले असते, म्हणून ती 15 टक्के सूट ट्रान्सफरलाच होती, कार्डला नव्हती.

आता मी काय करते तर गावातल्या पबला फोन लावते. अमुक घर भाड्याने देतात का हो, विचारते. छोट्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, इंग्लंड असो की कोकण. लँड रजिस्ट्रीत 7 पौंड भरून मालकाचं नाव पण मिळतं. नवरा म्हणतो अति करतेस. करू दे.

परवा एका दुसऱ्या ग्रुपवर तोच हॉट टबचा फोटो दिसला. या वेळी पत्ता विंडरमियरजवळचा, चार रात्रींचे 1250. खाली एकीने विचारलंय, ऑगस्टमधे अव्हेलेबल आहे का. मी पोस्ट रिपोर्ट केली, विचारणाऱ्या त्या मुलीला वेगळा मेसेज टाकला. तिने अजून बघितलेला नाही.