निळ्या चादरीवरचं धनुष्य

फोटोत ते धनुष्य निळ्या चादरीवर आडवं ठेवलेलं होतं आणि आरशासारखं चमकत होतं. साठीच्या दशकातली वस्तू, माझ्याहून वयाने मोठी, आणि अंगावर एक ओरखडा नाही. एवढंच वाक्य मी तेव्हा स्वतःशी मोठ्याने म्हणून पाहिलं असतं तरी माझे 255 डॉलर वाचले असते. पण मी म्हणालो, "वा, काय जपलंय!"

मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी हे माझं काम, म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत खोट काढायचा मला महिन्याला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकतो, पुढे हसायला सोपं जाईल.

धनुष्यबाणाचा नाद दोन वर्षांपूर्वी लागला. शिकायला घेतलं ते नव्या पद्धतीचं होतं, धातूची मूठ आणि दोन बाजूंना स्क्रूने जोडायच्या भुजा. काम चोख, पण हातात घेतलं की वर्कशॉपमधलं एखादं हत्यार धरल्यासारखं वाटायचं. सरावाच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, दोन-तीन म्हातारे मात्र जुनी, एकसंध लाकडी रिकर्व्ह घेऊन यायचे. टोकं पुढे वळलेली, मूठ हाताने घासून गुळगुळीत झालेली. त्यातली बरीचशी बेअर कंपनीची. या कंपनीची गोष्ट आमच्या गावाशी जुळलेली आहे. फ्रेड बेअर हा माणूस डेट्रॉइटमध्ये पॅकार्ड मोटारींच्या कारखान्यात लाकडी साचे बनवायचा. 1933 साली त्याने इथेच धंदा सुरू केला, 1947 मध्ये कारखाना तीन तासांवर उत्तरेला ग्रेलिंगला नेला आणि 1978 मध्ये कंपनी फ्लोरिडात गेली. त्यामुळे मिशिगनच्या लोकांना ‘ग्रेलिंगचं धनुष्य’ म्हणजे आपल्या घरचं वाटतं आणि त्याला भावही जास्त मिळतो. मोटारीच्या कारखान्यातला माणूस धनुष्याकडे वळला, हे ऐकून मला उगाच नातं जोडल्यासारखं झालं. अशी नाती खिशाला महाग पडतात.

पुढचं कळायला हे धनुष्य आतून कसं असतं ते सांगायला हवं. भुजा म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या, त्यांच्या पुढून आणि मागून फायबरग्लासचा थर, आणि हे सगळं धरून ठेवणारा गोंद. मुठीचं जाड लाकूड दोन्हीकडे निमुळतं होत जातं आणि कागदाइतकं पातळ होऊन त्या थरांमध्ये विरतं. दोरी ओढली की मोठा ताण त्या विरण्याच्या जागेवर येतो. तिथला गोंद सुटला की धनुष्य संपलं. मग ते दिसायला कितीही देखणं असो.

जाहिरात दिसली सप्टेंबरच्या मध्यावर. मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाची शिकार 1 ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे त्या महिन्यात माळ्यावरची धनुष्यं बाहेर निघतात आणि घेणाऱ्यांना घाई असते. मी शिकार करत नाही, मला गवताच्या गठ्ठ्यावर लावलेला कागद पुरतो. पण घाई हा संसर्गजन्य रोग आहे.

‘बेअर ग्रिझली, 58 इंच, 45 पौंड, 1960च्या दशकातलं, ग्रेलिंग.’ पौंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. किंमत 220 डॉलर, टपालखर्च 35. विकणारा बोलायला फार गोड. आजोबांचं आहे म्हणाला, कपाटात पडून होतं, मी फक्त जरा पुसून पॉलिश केलं. मी विचारलं, भुजेला पीळ आहे का? नाही. कुठे चीर? अजिबात नाही. दोरी चढवून टोकाकडून काढलेला फोटो पाठवाल का? तासाभरात फोटो आला, पण दोरी न चढवलेला आणि मुठीच्या बाजूने काढलेला. मी पुन्हा मागितला नाही. भिडस्तपणा आपल्यात मुरलेला असतो. समोरचा आजोबांची आठवण काढतोय आणि आपण काय उलटतपासणी घेत बसायचं!

मग पैशांचं बोलणं. ॲपवरून पाठव, पण ‘मित्र किंवा नातेवाईक’ हा पर्याय निवड, म्हणजे फी कापली जात नाही. ती वाचली की मी तुला नवी दोरी फुकट देतो. बायको शेजारी बसून भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अरे, ओळख ना पाळख, आणि मित्र कसला?" मी म्हणालो, "नुसता पर्याय आहे गं तो." दाबलं बटण.

आठवड्याने खोकं आलं. उघडल्याबरोबर नाकात नव्या वॉर्निशचा वास. आजोबांच्या कपाटातून आलेल्या वस्तूला डांबरगोळीचा वास यावा, धुळीचा यावा. हा दुसरा इशारा, तोही मी वाया घालवला. फुकटची दोरी आजच्या धनुष्यांसाठीची, न ताणणाऱ्या धाग्याची निघाली. एवढं मला ठाऊक होतं की जुन्या धनुष्याला ती चालत नाही. ताण न खाणारी दोरी बाण सुटताना सगळा झटका टोकांना देते आणि जुन्या टोकांना तो सोसत नाही. त्यांना थोडी ताणणारी डेक्रॉनची दोरी लागते, धनुष्याच्या लांबीहून साधारण चार इंच आखूड. 54 इंचाची मागवली. दोरी पायात अडकवून न चढवता स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवायचं साधन, वापरून चढवली, कारण पायाने वाकवलं की भुजेला पीळ पडतो. मूठ आणि दोरी यांतलं अंतर आठ इंचांवर आणलं. सगळं शास्त्रोक्त. आंधळ्याने चष्मा पुसावा तसं.

पहिल्या संध्याकाळी चोवीस बाण मारले. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. धातूच्या धनुष्याचा बाण टणकन सुटतो, याचा नुसता ‘थप्’ असा आवाज, आणि हाताला जाणवणारी थरथर गोड. दुसऱ्या दिवशी बाण ओढताना कुठेतरी ‘टक्’ झालं. बाणाची खाच दोरीवर बसली असेल असं मनाला समजावलं. तिसऱ्या दिवशी दोनदा टक् झालं. पलीकडच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ आपलं धनुष्य खाली ठेवून माझ्याकडे चालत आले. पंचाहत्तरीचे असतील, घरी अशी तीसेक धनुष्यं आहेत त्यांच्याकडे.

"ओढू नकोस. दोरी उतरव," एवढंच म्हणाले.

बाकावर बसून त्यांनी जे केलं ते दहा मिनिटांचं काम होतं. खिशातून कापसाचा बोळा काढून भुजांच्या कडांवरून फिरवला. फायबरग्लासची कूस निघाली असेल तर कापूस अडकतो. कापूस सरळ गेला. कडांवरून नख फिरवलं. मग मुठीवरच्या नाण्यावर बोट ठेवलं. बेअरच्या धनुष्यात अस्वलाचं चित्र असलेलं नाणं बसवलेलं असतं. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते लाकडाशी सपाट बसवत, नंतरच्यांत वर आलेलं असतं. माझं वर आलेलं होतं. म्हणजे ‘साठचं दशक’ तिथेच निकालात निघालं. त्यांनी पिशवीतून हुकाचा वजनकाटा काढला आणि 28 इंचांवर खेचून पाहिलं. फार हळू ओढलं, लगेच सोडलं. 41 पौंड.

"45 कोणी लिहिलं?"

मी पाहिलं. भुजेवरचं 45 पांढऱ्या पेनने नव्याने लिहिलेलं होतं आणि कंपनीची मूळ अक्षरं कुठेच नव्हती. जुनी अक्षरं घासून काढताना त्यांच्याबरोबर फायबरग्लासही घासलं गेलं, म्हणून ताकद कमी झाली. जुन्या वॉर्निशला केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्यांना घाबरायचं नसतं, असं ते म्हणाले. नख फिरवलं आणि नख अडकलं, तर मात्र चीर आतल्या काचेत, म्हणजे फायबरग्लासमध्ये आहे. "पण तुझ्याकडे बघण्यासारखं काही उरलेलंच नाही. ज्याने हे चमकवलं, त्याने धनुष्याची सगळी साक्ष पुसून टाकली."

शेवटी टॉर्च. खालच्या भुजेच्या कडेला, मूठ विरते त्या जागी, त्यांनी उजेड तिरपा धरला. वॉर्निशखाली सव्वा-दीड इंचाची एक रेघ चकाकत होती. दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी भुजा किंचित वाकवली आणि ती रेघ उघडली. अगदी श्वास घेतल्यासारखी उघडून मिटली. तोच तो टक्.

आपल्याकडे फेविक्विक म्हणतात तसला झटपट चिकटणारा गोंद त्या फटीत सोडलेला होता. तो सुकला की काचेसारखा कडक होतो. वाकायचं म्हटलं की तडकतो. आणि धनुष्याचा तर जन्मच वाकण्यासाठी. दुरुस्ती होईल का, विचारलं. इपॉक्सी भरून शिकंजात आवळून बघता येईल, म्हणाले, पण घासलेल्या काचेची हमी मी देणार नाही. "भिंतीवर टांग. तुटकी भुजा कुठे उडेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि ओढलेली दोरी तुझ्या डोळ्यापासून दोन बोटांवर असते."

धनुष्याच्या भुजेला इंग्रजीत ‘लिम्ब’ म्हणतात. रात्री कोल्हापूरला आईला फोन केला आणि बोलता बोलता सांगितलं, "लिम्ब फुटला." ती हळहळली, "अरेरे, दारातला का रे? सावली किती छान असते लिंबाची." तिला समजावून सांगेपर्यंत माझा अर्धा राग उतरला.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तू चुकीची दोरी लावली असशील. मग म्हणाला, जसं आहे तसं विकलंय. मग माझा नंबर ब्लॉक. पैशांच्या ॲपकडे तक्रार केली, तर उत्तर आलं की हा व्यवहार खरेदीचा नाही. तुम्ही ओळखीच्या माणसाला स्वेच्छेने पैसे पाठवलेत, त्याला खरेदीचं संरक्षण लागू नाही. म्हणजे कागदोपत्री मी त्याचा दोस्त, आणि 255 डॉलर माझी भेट. पोलिसांत नोंद केली. अधिकारी सभ्यपणे बोलला, क्रमांक दिला. दावा लावायचा तर खरं नाव आणि पत्ता हवा, आणि माझ्याकडे एक टोपणनाव आणि निळ्या चादरीचा फोटो.

तरी मनात एक शंका होती. कदाचित त्याला खरंच माहीत नसेल. आजोबांनीच कधीतरी चिकटवलं असेल. ती शंका मला झोपू देईना, म्हणून एका शनिवारी मी कामावर करतो तेच घरी केलं. ती भुजा करवतीने कापली, काप घासून भिंगाखाली धरला. फटीच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काळपट पडलेलं, आत जुनी धूळ आणि मळ. त्या मळाच्या वर गोंदाचा पारदर्शक थर आणि त्याच्याही वर वॉर्निश. गोंद लाकडाला लागलेलाच नव्हता, मळाला लागला होता. फट कित्येक वर्षं उघडी होती. गोंद आणि वॉर्निश मात्र एकाच बैठकीतले, कारण कडेला दोन्ही एकमेकांत मिसळलेले. ज्याने चमकवलं त्यानेच चिकटवलं. फट त्याने डोळ्यांनी पाहिली होती.

गणपतीत मंडळातल्या एका मित्राला मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की जुनं बेअर शोधतोय. त्यालाही आता घ्यायचंय. त्याला म्हटलं, आधी माझं कापलेलं बघून जा. शक्यतो हातात घेऊन बघ, रेंजवरच्या एखाद्या म्हाताऱ्याला सोबत ने, चहा पाज. टपालानेच मागवायचं असेल तर दोरी चढवून टोकाकडून काढलेला फोटो आल्याशिवाय पुढे बोलू नकोस. दोरी भुजेच्या मधोमध दिसली पाहिजे. कडांचे जवळून काढलेले फोटो माग. पैसे खरेदी म्हणूनच पाठव, फी आपण भरू म्हण. त्यावर जो नाराज होतो त्याच्याकडून घेऊच नकोस. आणि चिरा पडलेलं, मळलेलं, कुणीतरी आपलं नाव कोरलेलं धनुष्य मिळालं तर तेच आधी बघ. मित्र म्हणाला, "पण चांगलं दिसणारं नको का?" मी त्याला तो काप दाखवला.

नोव्हेंबरात पुन्हा एक जाहिरात दिसली. धनुष्य वेगळं, लांबी वेगळी, विकणाऱ्याचं नाव वेगळं. चादर तीच, कोपऱ्यातल्या उसवलेल्या शिवणीसकट. ‘आजीच्या भावाचं’ होतं या वेळी. जाहिरातीची तक्रार केली आणि बायकोच्या फोनवरून एकच प्रश्न पाठवला: दोरी चढवून टोकाकडून काढलेला फोटो मिळेल का?

फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाहिरातीवर शिक्का होता, ‘विकलं गेलं’.