शयनखोलीसाठी चार इंची एक्झॉस्ट पंखा: एका हिवाळ्याचा अनुभव

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या जुन्या कौलारू घरात हवा कौलांच्या फटींतून आपोआप खेळत असे आणि खोली कोंदट होण्याचा प्रश्नच येत नसे. त्याच जागेवर स्लॅबचे घर झाले, सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या, आणि आई-वडिलांच्या खोलीत पहाटे आत गेले की कोंडलेला वास जाणवू लागला. आईचे डोके सकाळी जड असे. थंडी, डास आणि ऊसतोडीच्या दिवसांत पाचट जाळल्याचा धूर या तीन कारणांसाठी वडील खिडकी उघडू देत नसत, आणि त्यांची तिन्ही कारणे खरी होती.

नेमके काय बिघडले आहे ते कळावे म्हणून मी कार्बन डायऑक्साइड मोजणारे लहान यंत्र आणले. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्षात सुमारे ४२० भाग असते, आणि १००० च्या आत असलेली खोली हवेशीर मानावी, असा संकेत म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी एकोणिसाव्या शतकातच घालून दिला होता. आमच्या बंद खोलीत पहाटे पाचला आकडा २४०० होता.

बाजारात आठ इंची पंखा घेण्याचा आग्रह झाला. तो सल्ला स्वयंपाकघरासाठी योग्य असेल, शयनखोलीसाठी मात्र चुकीचा आहे. झोपलेली दोन माणसे मिळून तासाला सुमारे २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे आकडा हजाराच्या आत ठेवायला तासाला ४५ घनमीटर हवा बदलली तरी पुरते. त्याहून मोठा पंखा ऊब विनाकारण बाहेर फेकतो आणि आवाजाने झोपही मोडतो. म्हणून मी मागे झडप असलेला, १५ वॅटचा चार इंची पंखा घेतला. तो खोक्यावर तासाला ९० घनमीटर सांगतो, पण पाइप, झडप आणि डासांची जाळी यांतून जाताना त्याचा जोर जवळपास निम्म्यावर येतो आणि तेवढाच आपल्याला हवा असतो. भिंतीला कोअर कटरने भोक पाडून पीव्हीसी पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बसवला, कारण आपल्याकडचा पाऊस आडवा येतो. दाराखाली पाऊण इंचाची फट सुताराकडून करून घेतली. मजुरीसह सारा खर्च तीन हजारांच्या आत आटोपला.

ही दाराखालची फट पंख्याइतकीच महत्त्वाची आहे. खोलीत येणारी हवा तिच्यातून, म्हणजे दिवसभर तापलेल्या दिवाणखान्यातून येते, थेट बाहेरून नव्हे. ती थेट बाहेरून आली असती तरी हिशेब आपल्या बाजूचाच राहिला असता. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे ०.३३ वॅट-तास लागतात. बाहेर १४ अंश आणि आत २२ अंश असताना ४५ घनमीटरांमागे जाणारी उष्णता साधारण १२० वॅट भरते, आणि झोपलेली दोन माणसे मिळून १४० वॅटच्या आसपास उष्णता देतात. भिंतींतून जाणारी ऊब वेगळी, पण ती पंखा नसतानाही जातच होती. प्रत्यक्षात पहाटेचे तापमान जेमतेम एका अंशाने उतरले, तर कार्बन डायऑक्साइडचा आकडा ९५० वर आला. वडिलांनी पहिल्या आठवड्यात जास्तीची चादर घेतली होती, ती नंतर त्यांनी स्वतःहून परत ठेवली.

आत-बाहेर आळीपाळीने हवा फिरवून सिरॅमिकच्या गाभ्यात ऊब साठवणारे पंखेही मिळतात. युरोपातील गोठवणाऱ्या थंडीत ते आपली किंमत वसूल करत असतील. बेळगावात हीटर लावून झोपणारी घरे थोडी, आणि थंडीही दोन-अडीच महिन्यांचीच. त्यामुळे वाचणारी ऊब पैशांत फारशी दिसत नाही. आमचा पंखा रात्री नऊ तास चालला तर महिन्याला चार युनिटच्या आसपास वीज घेतो.

दोन तक्रारी आहेत. वारा सुटला की झडप खडखडते. तिच्या कडेला फोमची बारीक पट्टी चिकटवल्यावर आवाज बराच कमी झाला. दुसरे म्हणजे जाळी धुळीने आणि काजळीने फार लवकर बुजते, विशेषतः कारखान्यांच्या हंगामात. ती दर पंधरा दिवसांनी काढून धुतली नाही तर आकडा पुन्हा चढू लागतो.

एक इशारा मात्र मला अगदी कळकळीने द्यायचा आहे. खोलीला जोडलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर असा पंखा त्याचा विषारी धूर खोलीत ओढू शकतो, म्हणून आधी गीझर बाहेर हलवावा. आणि थंडीसाठी कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपण्याची सवय काही घरांत अजून आहे. तिथे कोणताही पंखा भरवशाचा नाही, शेगडीच बाहेर काढली पाहिजे.